औषध, गिधाड आणि मैत्री

प्राणिमात्राची हिंसा करणार नाही, हे पंचशीलातील पहिले शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. हाती शस्त्र नाही, मनी द्वेष नाही, म्हणजे हे शील पाळले गेले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आजच्या यंत्रांच्या आणि औषधांच्या युगात ही समजूत पुरेशी आहे काय? विद्यार्थ्यांनी यासाठी एकच उदाहरण नीट अभ्यासावे.

आपल्या नारायणगड परिसरात कोरडवाहू शेतीला जनावरांचा आधार असतो. बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची तर बैलजोडी हीच पुंजी. बैल लंगडू लागला, गाय तापली, की इंजेक्शन देणे हे दयेचेच काम होय. १९९० नंतरच्या काळात देशभर अशा दुखण्यांवर डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध सर्रास वापरले गेले. जनावराला आराम पडे. परंतु औषध दिल्यावर ते लवकरच मेले, तर औषधाचा अंश शरीरात राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती काही दिवसांत मरत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारणाचा शोध २००४ मध्ये जाहीर झाला. शंभरांत एखाद्या मृत जनावरात हे औषध असले, तरी एवढ्या हानीस ते पुरेसे होते. कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

यात शेतकऱ्याच्या मनात हिंसा नव्हती, डॉक्टरांच्याही नव्हती. धम्मात कर्माचे मूळ चेतनेत मानले आहे, म्हणून त्यांना कोणी दोष देणार नाही. परंतु कारण एकदा कळल्यावर अज्ञानाची सबब उरत नाही. कार्यकारणाची साखळी ओळखणे ही तथागतांची शिकवण आहे. त्या प्रज्ञेवाचून करुणासुद्धा घात करू शकते, हे येथे दिसते.

ही साखळी माणसापर्यंतही येते. मेलेली जनावरे ओढण्याचे काम गावाने आपल्या पूर्वजांवर जन्माने लादले होते. मृतमांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाड येथे सांगितले आणि समाजाने ते लाजिरवाणे जिणे टाकले. ते पुन्हा कोणाच्याही माथी येता कामा नये. गावाबाहेरची ही स्वच्छता गिधाडे विनामोबदला करीत होती. ती गेल्यावर मढी कुजत पडली, भटकी कुत्री वाढली. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला आहे.

तंत्रज्ञान टाकून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. दोष दाखविला तो विज्ञानानेच आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषधही त्यानेच दाखविले. २००६ मध्ये शासनाने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांचाही जनावरांसाठी वापर बंद झाला.

कायदा झाला, तरी गोठ्यात पोलीस उभा राहत नाही. तेथे शीलच लागते. म्हणून सभासदांनी एवढे करावे : डॉक्टरांकडे सुरक्षित औषधाचा आग्रह धरावा, माणसांचे इंजेक्शन जनावराला देऊ नये, कुत्री किंवा रानजनावरे मारण्यासाठी मढ्यात विष घालू नये.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा माणसांविषयी आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांविषयी, असा भेद केला आहे. गिधाड दिसायला देखणे नाही आणि त्याची पूजाही कोणी करीत नाही. अशा जीवाविषयी आपण जी काळजी घेऊ, तीच आपल्या मैत्रीची खरी परीक्षा होय.