जाम पिस्टन आणि हातोडीची घाई

जुन्या इंजिनातला एखादा भाग निघेनासा झाला, की माणसाचा हात आधी हातोडीकडे जातो. माझ्या पाहण्यातली जुन्या मोटारसायकलींची बरीच इंजिनं गंजापेक्षा या घाईनेच कामातून गेली.

चिपळूणला माझ्या मामांकडे १९६०च्या दशकातली जावा २५० आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून बनवलेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी ही एक. किक आणि गिअरला एकच दांडा, दोन्ही बाजूंना सायलेन्सर. २२ जुलै २०२१ च्या महापुरात पडवीत उभी असलेली ही गाडी टाकीपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल उपसायचा की गाडी बघायची? गाडी तशीच राहिली. दिवाळीच्या सुमारास मामांनी किक मारून पाहिली, तर ती हलेना.

ओळखीतल्या एका मेकॅनिकने हेड उतरवलं आणि सिलिंडर निघत नाही म्हणून सिलिंडर आणि क्रँककेसच्या सांध्यात छिन्नी ठोकली. या गाडीचा सिलिंडर बिडाचा आहे. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. दोन फिना गेल्या, गॅस्केट बसायच्या जागेवर खोल चरे पडले आणि सिलिंडर होता तिथेच राहिला. त्यानंतर मामा मला म्हणाले, "तू ये आणि बघ बाबा. आता कुणाला हात लावू देणार नाही."

असं काम हाती घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हा भाग इथे कशाने धरून ठेवला आहे? आटे गंजलेत, टेपर घट्ट बसलाय, की एक धातू दुसऱ्यात फुगून बसलाय? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. जावाच्या बाबतीत बिडाच्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन, पिस्टनवर लोखंडी रिंगा. पुराच्या पाण्याने रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटल्या होत्या, वर गाळाचा थर. म्हणजे सोडवायचा होता तो रिंगांचा गंज. सांध्यात छिन्नी मारून त्या गंजाला काहीच होणार नव्हतं.

ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओतलं, की ते बारीक फटीत उतरतं. हे मिश्रण पटकन पेट घेतं, म्हणून ते मोकळ्या हवेत वापरायचं, जवळपास विडी, शेगडी, ग्राइंडर काही नको. मामांच्या गाडीत पिस्टन मध्याच्या खाली अडकला होता, एक्झॉस्टची तोंडं अर्धवट उघडी होती. वरून ओतलेलं ऑइल तिथूनच वाहून जात होतं. आधी ती तोंडं रबराच्या बुचांनी बंद केली, मग सिलिंडर भरला आणि भिजू दिला. रोज पातळी बघायची, कमी झालं की पुन्हा भरायचं. या काळात किक मारून पाहायचा मोह फार होतो. मारू नका. रिंगेचा तुकडा पोर्टमध्ये अडकला, तर सिलिंडरला ओरखडा पडतो आणि किकचे दातेही जातात.

काही जण प्लगच्या जागी निपल बसवून ग्रीसगनने पिस्टन खाली ढकलतात. उपाय चांगला आहे, कारण ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन गोळीसारखा सुटत नाही. मात्र त्यासाठी पिस्टनने सगळे पोर्ट झाकलेले हवेत. आमच्याकडे ते जमणारं नव्हतं. कॉम्प्रेसरची हवा या कामाला कधीच वापरू नये.

शेजारच्यांनी ब्लो लॅम्प आणून दिला. इथे थांबून विचार करायला हवा. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. सगळं इंजिन तापवलं तर आतला पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगणार आणि आणखी घट्ट होणार. शिवाय आत ॲसिटोन. लॅम्प परत दिला.

तळाचे नट काढून, सिलिंडर दोन्ही हातांनी सरळ वर ओढला. क्रँक मोकळा होता, त्यामुळे पिस्टनसकट सिलिंडर थोडा वर आला. त्या फटीत दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे दिले, म्हणजे ठोक्याचा भार ठोकळ्यांवर येतो, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येत नाही. सिलिंडरचा बोअर ६५ मिलिमीटर. त्याहून किंचित लहान असा सागाचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके दिले. पिस्टन केसभर सरकला, की पुन्हा ऑइल. सिलिंडर स्टडवरून सुटल्यावर तो डावी-उजवीकडे पिळावासा वाटतो. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेची टोकं एका बारीक पिनेने एका जागी धरलेली असतात. सिलिंडर पिळला की ती पोर्टमध्ये घुसून मोडतात. म्हणून सिलिंडर सरळच ओढायचा.

पिस्टन बाहेर आला, पण गजन पिन निघेना. आता मात्र उष्णता कामाची होती, कारण बाहेर ॲल्युमिनियम आणि आत पोलादी पिन. क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करून दोन्ही लॉक काढले, उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं पिस्टनभोवती गुंडाळलं, आणि पिन अंगठ्याने सरकली. याच पिनेवर पिस्टनला आधार न देता हातोडी मारणारे लोक कनेक्टिंग रॉड वाकवून बसतात.

क्रँक मी घरी उघडला नाही. तो प्रेसवर जोडलेला असतो आणि परत सरळ बसवायला मोजमापाची साधनं लागतात. ते काम, आणि बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवणं, वर्कशॉपला दिलं. मूळ सिलिंडर वाचला याचं मोल मोठं आहे. जुलै २०२१ मध्येच केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी बसत नाही.

पूर येणाऱ्या गावांत राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. बुडालेल्या जुन्या टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या खोलीत ऑइल साठलेलं नसतं. पेट्रोलमधून येतं तेवढंच, आणि ते पाण्याने धुऊन जातं. पाणी ओसरल्यावर किक मारू नका. घर आवरून झालं नसलं तरी त्याच आठवड्यात प्लग काढा, आतलं पाणी काढून टाका, प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटर काढून त्या वाटेनेही भरपूर ऑइल ओता. गाडी उघडायला पुढे सवडीने वेळ मिळेल.