मोटारींतील विजेवर घरगुती उपकरणें

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां विजेचे इतके खांब कोसळले कीं, कोंकणांतील कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. अशा प्रसंगीं पुष्कळ बागाइतदारांच्या दारांत मोटार उभी असते, तिच्यांत तेल असतें, आणि घरांत मात्र दिवा नसतो, फोन निकामी पडलेला असतो व दमेकऱ्याचें नेब्युलायझर बंद असतें. मोटारीला स्वतःची वीज आहे. ती घरच्या उपकरणांस देतां येईल काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. देतां येते, पण किती आणि किती वेळ हें हिशोबावर अवलंबून आहे, व हिशोब चुकला तर मोटारही जागची हलत नाहीं. सबब तो हिशोब येथें जरा विस्तारानें मांडीत आहों.

घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून सेकंदास ५० आवर्तनें करते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टांची, आणि तिचा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. या दुसऱ्या प्रकारच्या विजेचें पहिलींत रूपांतर करणाऱ्या यंत्रास इन्व्हर्टर म्हणतात. हें यंत्र वीज उत्पन्न करीत नाहीं. उलट घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा दहा ते पंधरा भाग उष्णतेच्या रूपानें स्वतःच खाऊन टाकतें. व्होल्ट म्हणजे पाणी ज्या उंचीवरून पडतें ती उंची, व अँपियर म्हणजे पाटांतून वाहणारें पाणी, असें समजावें. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट, अर्थात् त्या पाण्याकडून मिळणारें काम. उंची थोडी असेल तर तेंच काम करून घेण्यास पाणी पुष्कळ सोडावें लागतें. घरांत २३० वॉटांचें उपकरण १ अँपियर घेतें. तेंच मोटारीवर चालविलें तर इन्व्हर्टरची घट धरून सुमारें २२ अँपियर लागतात. पाट अरुंद असला म्हणजे बांध फुटतो. तार बारीक असली म्हणजे ती जळते.

मोटारींत पुढच्या बाजूस जें गोल सॉकेट असतें, तें मुळांत सिगारेट पेटविण्याकरितां ठेवलेलें होतें. त्याचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपियरांचा असतो. म्हणजे त्यांतून १२० ते १८० वॉटच निघूं शकतात. फोन, ९ वॉटांचे एलईडी दिवे, ६५ वॉटांचा लॅपटॉप, फवारणीच्या पंपाची बॅटरी भरण्याचें चार्जर, हीं कामें त्यावर सुखानें होतात. छताचा जुना पंखा सुमारें ७५ वॉट घेतो, तोहि एकटा चालेल. मिक्सरला ५०० ते ७५० वॉट लागतात, इस्त्रीला १०००, पाणी तापविण्याच्या किटलीला १५००. उष्णता उत्पन्न करणारें कोणतेंहि उपकरण येथें वर्ज्य समजावें. आपल्याकडे फ्यूज वारंवार जाऊं लागला म्हणजे त्याच्या जागीं तांब्याची जाड तार गुंडाळण्याची एक वाईट खोड आहे. विहिरीवरच्या पेटींत ती खोड महागांत पडते. मोटारींत तर फलकामागची तार पेटून माणूस आंत असतांनाच आग लागावयाची.

याहून अधिक शक्ति हवी असेल तर इन्व्हर्टर सरळ बॅटरीस जोडावा लागतो. ५०० वॉटांस सुमारें ४७ अँपियर, १००० वॉटांस सुमारें ९५ अँपियर प्रवाह वाहतो. तेव्हां तारा जाड व आंखूड असाव्या, आणि धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंतच योग्य मापाचा फ्यूज असावा. तो दूर इन्व्हर्टरपाशीं बसविला तर मधली तार अरक्षित राहते व ती कोठें घासून पत्र्यास लागली कीं ठिणगी पडते. अलीकडील कित्येक मोटारींत बॅटरीच्या ऋण टोंकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. अशा मोटारींत ऋण तार त्या टोंकास न जोडतां उत्पादकानें नेमून दिलेल्या सांगाड्यावरील जागीं जोडावी, नाहीं तर मोजणी चुकते. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें.

आतां बॅटरींत वीज किती असते तें पाहूं. लहान पेट्रोल मोटारीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची धरली तर १२ गुणिले ३५ म्हणजे ४२० वॉट-तास झाले. परंतु ही सर्व वीज काढावयाची नसते. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीचे पत्रे पातळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह द्यावा व लगेच पुन्हां भरून घ्यावें, यासाठीं त्यांची रचना. ती वरचेवर रिकामी केली तर लवकर निकामी होते. चौथ्या हिश्शाहून अधिक काढूं नये, असें आमचें मत आहे. म्हणजे हातीं १०५ वॉट-तास आले, व घट वजा जातां सुमारें ९० उरले. दोन एलईडी दिवे व एक फोन मिळून २८ वॉट होतात. ते तीन तास चालतील. पंखा मात्र सव्वा तासाच्या आंतच थांबवावा लागेल. जो रात्रभर पंखा लावून निजेल, त्याला पहाटे घरांतील आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाची वेळ आली, तर स्टार्टरची नुसती टक्‌टक् ऐकावी लागेल.

इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडेल, या भरंवशावरहि राहूं नये. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टांच्या आसपास बंद पडतात, आणि तेथवर बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. भार काढून कांहीं वेळानें मोजलें असतां भरलेली बॅटरी १२.६ व निम्मी बॅटरी १२.२ व्होल्ट दाखविते. व्होल्ट मोजण्याचें लहानसें यंत्र थोड्या पैशांत मिळतें, तें अवश्य घ्यावें.

इंजिन चालू ठेवलें तर अल्टरनेटर बॅटरी भरीत राहतो, व मोठा भार बराच वेळ चालवितां येतो. मात्र इंजिन मंद गतीनें फिरत असतां अल्टरनेटर पूर्ण क्षमतेनें वीज देत नाहीं, आणि ताशीं सुमारें अर्धा ते एक लिटर तेल जळतें. नुसत्या दिव्यासाठीं एवढा खर्च करणें शहाणपणाचें नव्हे. त्याहून मोठी गोष्ट धुराची. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायु असतो. बंद पडवींत, गोठ्यांत किंवा गराजांत इंजिन चालू ठेवून निजलेलीं माणसें पुन्हां उठत नाहींत. गाडी उघड्यावर, खिडक्यादारांपासून दूर ठेवावी. वाळलेल्या गवतावर किंवा गंजीजवळहि नको, कारण धुराची नळी अतिशय तापते.

इन्व्हर्टरची तार घराच्या भिंतींतील सॉकेटास उलटी जोडून सारें घर उजळण्याची युक्ति कोणी सुचविली तर ती साफ नाकारावी. ती वीज मीटरमधून मागें खांबावर जाते, रोहित्रांतून तिचा दाब चढतो, आणि वीज बंद आहे अशा समजुतीनें तारेला हात लावणाऱ्या वायरमनचा प्राण जातो. उपकरण नेहमीं इन्व्हर्टरलाच जोडावें.

विहिरीवरचा पंप मोटारीच्या इन्व्हर्टरवर चालेल काय, असें पुष्कळ विचारतात. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट. घट धरून तो पंप सुमारें १००० वॉट घेतो आणि सुरू होतांना त्याच्या पांचसहापट प्रवाह ओढतो. तेव्हां त्याचा नाद सोडावा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड लहरींची असते. तिच्यावर पंखे गुणगुणतात व मोटरा तापतात. वैद्यकीय यंत्रासाठीं शुद्ध साइन लहरीचाच इन्व्हर्टर घ्यावा.

विजेवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी. जपानांत २०११ च्या भूकंपानंतर हा विषय पुढें आला, व २०१२ मध्यें निसाननें लीफ मोटारीची वीज घरास पुरविण्याची योजना विक्रीस आणली. भारतांत २०२३ सालीं आलेल्या ह्युंदाई आयोनिक ५ मधून ३.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर घेतां येते. त्याच वर्षीं टाटांच्या नव्या नेक्सॉन ईव्ही मध्येंहि अशी सोय झाली. नेक्सॉनच्या तेव्हांच्या मोठ्या बॅटरींत ४०.५ किलोवॉट-तास मावतात, म्हणजे वर हिशोब केलेल्या लहान बॅटरीच्या जवळजवळ शंभरपट. हजार वॉटांचा भार तिच्यावर दिवसभर चालेल, आणि धूरहि नाहीं. मात्र ही वीज एकाच फेजची असते. तीन फेजचा पंप तिच्यावर जोडतां येत नाहीं.