फ्लोट अडकला आणि माझी तोंडी परीक्षा

कार्बुरेटरची आकृती मी परीक्षेत दोनदा काढली आणि दोन्ही वेळा चांगले मार्क मिळवले. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या १०८९ सीसीच्या प्रीमिअर पद्मिनीने माझी तोंडी परीक्षा घेतली आणि मी सपशेल नापास झालो.

गाडी आठ महिने अंगणात उभी होती. बॅटरी चार्ज करून स्टार्टर मारला. इंजिनाने भकाभका काळा धूर सोडला आणि मान टाकली. प्लग काढले, तर काळे आणि पेट्रोलने ओलेचिंब! पुसून परत लावले, पुन्हा स्टार्टर. एवढ्यात आई ओरडली, "अरे, पेट्रोलचा वास येतोय!" बॉनेट उघडलं, तर कार्बुरेटरमधून पेट्रोल ओघळून इंजिनावर पडत होतं. एक ठिणगी पुरली असती.

गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, मग विचारलं, "इंजिनिअरसाहेब, फ्लोटचं काम काय?"

मी धडाधड सांगितलं: चेंबरमध्ये पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, नीडल व्हॉल्व्ह सीटवर दाबतो आणि पेट्रोल थांबतं. पातळी उतरली की फ्लोट खाली, व्हॉल्व्ह उघडा.

"आणि फ्लोट खालीच अडकला तर?"

मी गप्प. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर ओघळत होतं!

झाकण उघडल्यावर कारण सापडलं. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि मागे उरलेल्या तपकिरी चिकट थराने फ्लोटची पिन धरून ठेवली होती. पिन आणि सीट साफ केली, झिजलेली नीडल बदलली, गाडी सुरू! त्या दिवशी शिकलो ते असं:

१) पेट्रोल ओसंडणं, काळा धूर, ओले प्लग: फ्लोट खाली अडकला असेल, त्याला छिद्र असेल, किंवा नीडलखाली कचरा असेल.

२) इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात उपाशी मरणं: फ्लोट वर अडकला असेल. फिल्टर आणि पंपही तपासा.

३) स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलकेच टकटक करा. फरक पडला तर दोष फ्लोट किंवा नीडलचाच. पण हे निदान झालं, इलाज नव्हे. झाकण उघडावंच लागतं.

४) फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका. शंका असल्यास आगीपासून दूर, गरम पाण्यात बुडवा. छिद्रातून बुडबुडे येतात.

५) फ्लोटची पट्टी अंदाजाने वाकवू नका, पातळी मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

६) आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. म्हणून नळ्या तपासा, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करा.

आणि सगळ्यात आधी, पेट्रोलचा वास आला की स्टार्टर मारायचा नाही. हा प्रश्न पेपरात येत नाही, पण त्यात नापास झालं तर एटीकेटी मिळत नाही.