नवा १०५ की जुना अल्टेग्रा?

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाताना चढावर माझ्या सायकलची चेन घसरू लागली. गिअरसेट बदलणे भाग होते. शिमानोचा नवा '१०५' घ्यावा, की तेवढ्याच पैशात एक पायरी वरचा, पण वापरलेला 'अल्टेग्रा'? नावाला भुलून मी जुन्याकडे वळलो.

पैसे देण्याआधी पट्टी लावली. चेनच्या दोन पिनांत अर्धा इंच अंतर असते, म्हणजे २४ अंतरांचे बरोबर १२ इंच. इथे १/८ इंच जास्त भरले! इतकी झिजलेली चेन कॅसेटचे दातही खाते. दोन्ही नवे घ्यायचे, तर मग स्वस्त कसले?

शिवाय २०१२ ते २०१९ दरम्यानच्या काही ११ स्पीड अल्टेग्रा क्रँकचे चिकटवलेले भाग सुटू शकतात, म्हणून शिमानोने २०२३ मध्ये तपासणी जाहीर केली. १०५ त्यात नव्हता.

मी १०५ घेतला. थोडा जड आहे, चालेल. जुन्नरकडून माळशेज घाट उतरताना ग्रॅम नाही, ब्रेक आठवतात!

जुना डिरेल्युर तपासून जरूर घ्या. पण चेन, कॅसेट, केबल, ब्रेक पॅड नवेच. आणि ११ व १२ स्पीडची सरमिसळ नको.