'घेणे' : अर्थ आणि भूतकाळी रूपे



'घेणे' हे मराठीतील नित्य वापरातील क्रियापद. हाती धरणे, स्वीकारणे हा त्याचा मूळ अर्थ. बाजारात गेले की त्याचा अर्थ 'विकत घेणे' होतो. श्वास घेणे, नाव घेणे, सभा घेणे असा सोबतच्या नामानुसार तो बदलतो. दुसऱ्या क्रियापदास जोडून आले की क्रियेचे फळ कर्त्याकडे येते : भाकरी 'वाटून दिली' ती इतरांना, 'वाटून घेतली' ती आपसांत.

'नेणे'चे 'नेले' होते, तसे 'घेणे'चे 'घेले' होत नाही. मध्ये 'त' येऊन 'घेतले' असे रूप होते. 'धुणे – धुतले' हेही त्याच वळणाचे. हे रूप कर्मानुसार बदलते :

हक्क घेतला – हक्क घेतले
शपथ घेतली – शपथा घेतल्या
पुस्तक घेतले – पुस्तके घेतली

म्हणून 'मुलाने वही घेतली' आणि 'मुलीने वही घेतली' यांत क्रियापद एकच राहते. 'शिकणे'चे तसे नाही : 'तो धडा शिकला', 'ती धडा शिकली'. कर्मास 'ला' लागल्यास रूप नपुंसकलिंगी एकवचनी राहते : 'आईने मुलीला जवळ घेतले.'

आपल्या ग्रामीण भागात 'म्या घेतलं' असे ऐकू येते. 'म्या' हे 'मी'चे जुने तृतीयेचे रूप असून ते संतवाङ्मयातही आढळते. परीक्षेत 'मी घेतले' लिहावे. परंतु घरच्या बोलीला अशुद्ध म्हणून हिणवू नये.

क्रियापदाची निवड इतिहासलेखनातही महत्त्वाची ठरते. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला. हक्क कागदावर 'दिला' गेला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मात्र दूरच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब व त्यांचे सहकारी सत्याग्रही तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी 'घेतले'. 'अस्पृश्यांना पाणी मिळाले' असे आपण लिहिले, तर घेणारे वाक्यातून नाहीसे होतात आणि त्यांचे धैर्यही पुसले जाते.

स्वाध्याय : आपल्या आजीआजोबांविषयी 'शिक्षण मिळाले', 'शिक्षण घेतले' आणि 'शिक्षण घेऊ दिले नाही' यांपैकी कोणते वाक्य खरे ठरते, ते त्यांना विचारून लिहा. प्रत्येक वाक्यातील कर्ता शोधा.