पकड भक्कम, तर ट्रॉफी आपली?

दहिवलीत दुकान टाकताय? आधी कबड्डी बघा.

मार्च 2024 मध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून प्रो कबड्डी जिंकली. मोसमात शादलूच्या पकडींचे 99 गुण! पुढच्या मोसमात तो हरियाणाकडे गेला, ट्रॉफीही तिकडेच. समोर पाटणा होतं, देवांकचे मोसमात चढाईचे 301 गुण. तरी फायनल 23-32 हरले.

पण 2017 आठवा. गुजरातचा बचाव गाजलेला, तरी परदीप नरवालच्या पाटण्याने फायनलमध्ये 55-38 धुतलं. म्हणजे नुसत्या बचावावरही भागत नाही.

आपल्याकडे चढाई म्हणजे विक्री, पकड म्हणजे उधारी-खर्चावरचा ताबा. पावसाळी पर्यटकांच्या गर्दीत ढिली पकड दिसतच नाही. गर्दी ओसरायच्या आत वही उघडा: येणं किती, आणि गल्ल्यात किती महिन्यांचं भाडं?