सुधारित काडतूस आणि नळीची निवड

प्रश्न : मी अमेरिकेत मोन्टॅना राज्यात राहतो. माझ्या .३०-०६ रायफलीचे चेंबर ‘ॲक्ली सुधारित’ नमुन्याचे करून घेतल्यास बाजारातील साधी काडतुसे निरुपयोगी होतील काय? नळीही लांब घ्यावी काय?

उत्तर : आपली चिंता अनाठायी आहे. पी. ओ. ॲक्ली या अमेरिकी कारागिराने पितळी कोशाचा निमुळतेपणा घटवून व खांद्याचा कोन ४० अंशांचा करून दारूस अधिक जागा दिली, परंतु रचना अशी राखली की, साधे काडतूसही त्या चेंबरमध्ये निर्धोकपणे उडावे, गोळीचा वेग किंचित घटावा आणि कोशाने फुगून नवा आकार धारण करावा. सुधारित काडतूस मात्र साध्या चेंबरमध्ये बसत नाही; तसा अट्टाहास कदापि करू नये. जुनी नळी किंचित मागे न घेता नुसते चेंबर कोरल्यास साधे काडतूस सैल बसून कोश फाटण्याचा संभव असतो, सबब हे काम जाणत्या गनस्मिथकडेच सोपवावे. नळीच्या प्रत्येक जादा इंचामागे वेग सेकंदास सुमारे २० ते २५ फुटांनीच वाढतो. दाट झाडीत २२ इंची नळी सुटसुटीत, मोकळ्या माळावर २४ इंची उत्तम. .३०-०६ मध्ये या सुधारणेचा लाभ अल्प असल्याने, माझ्या मते, हरणांच्या शिकारीसाठी आपण मूळ चेंबरच कायम ठेवावे.